विलायती सरांनी सांगितलेल्या रिती

हसनाबादच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे तातेराव सर शिकवण्याच्या कोर्ससाठी एक वर्ष इंग्लंडात राहून आले होते, म्हणून आसपासच्या खेड्यांत त्यांना विलायती सर म्हणत. नाव गमतीनं पडलेलं, पण घरात गंमत करायला कुणी नव्हतं. मूलबाळ झालं नाही, आणि बायको गोजरबाई सर तिकडं असतानाच वारली. शाळा सुटली की सर ओसरीवर बसत आणि अंधार पडला की दार लावून घेत.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर धावड्याचे अण्णासाहेब आपल्या मुलीला घेऊन त्यांच्याकडं आले. बेबीनंदा औरंगाबादला नर्सिंग शिकली होती आणि तिला इंग्लंडातल्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली होती.

"जयभीम, सर," अण्णासाहेब म्हणाले. "पोरगी चालली तुमच्या विलायतेला. आमच्यातलं कुणी औरंगाबादच्या पुढं गेल्तं न्हाई. तिकडं कसं वागायचं, तेवढं सांगा हिला."

सरांनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. त्या मुलखाबद्दल त्यांना इतकं मनापासून कुणी विचारलंच नव्हतं. लोक विचारत ते गोऱ्या बायकांबद्दल आणि बर्फाबद्दल.

"पहिलं म्हंजी रांग," सर म्हणाले. "बसथांब्यावर एकच माणूस उभा असला तरी त्याच्या मागं उभं राह्यचं. बस आली म्हणून पळायचं न्हाई. कंडक्टरनं तिकीट दिलं की थँक्यू म्हणायचं. दिवसातून इतक्यांदा म्हणावं लागतं, की जीभ दुखती."

बेबीनंदा हसली.

"कुणी हाउ डू यू डू म्हणलं तर आपली तब्येत सांगत बसू नको. मी सांगितली होती. पाठ दुखती, झोप येत न्हाई, सगळं. त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झाल्तं."

आता अण्णासाहेबही हसले. सरांना हुरूप आला. खोलीतला गॅस मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही, म्हणून सुटे पैसे जपून ठेवायचे; भाजी नुसती उकडलेली असते, म्हणून तिखटाचा डबा न्यायचा; पगार, वय, लग्न का झालं नाही, हे कुणाला विचारायचं नाही; बोलायला काही सुचलं नाही तर हवेबद्दल बोलायचं, त्याला कुणाची ना नसते. तिथल्या कॉलेजातल्या एका मास्तरानं त्यांना 'एकदा घरी या' म्हटलं होतं. सर रविवारी सरळ गेले. नवरा-बायको दारातच गोंधळून उभे राहिले. "दिवस आणि वेळ ठरली तरच ते बोलावणं," सर म्हणाले. "न्हाई तर ते नुसतं गोड बोलणं. मनाला लावून घेऊ नको."

"मंग आपलं माणूस कुठलं, हे तिथं कळतं कसं?" बेबीनंदानं विचारलं.

सरांनी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. मग ते सांगू लागले.

लीड्समध्ये ते मिसेस होबसन नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरी भाड्यानं राहत. फेब्रुवारीत गावाहून तार आली: गोजरबाई न्यूमोनियानं गेली. तार पोचली तोवर अंत्यविधी उरकला होता. मिसेस होबसननं तार वाचली, 'आय ॲम सो सॉरी' म्हणाली आणि हलकेच दार ओढून खाली निघून गेली. सर वाट बघत राहिले. आता कुणी येईल, जवळ बसेल, काय झालं, कसं झालं विचारेल. कुणी आलं नाही. कॉलेजात मास्तर सॉरी म्हणाले, नजर खाली घातली आणि बर्फाचं बोलू लागले. खोलीच्या दाराबाहेर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ चहाचा कप असायचा, निवू नये म्हणून वर बशी झाकलेली.

"मला वाटायचं, ही माणसं हायत का दगड? आपल्याकडं माणूस गेलं की शेजारी भाकरी घेऊन येतात, घास हातात देतात. मंग उन्हाळ्यात ती म्हातारी सहज बोलून गेली: तुम्हाला एकटं राहू द्यावं, असं वाटलं मला. माझा नवरा गेला तवा लोकांनी मलाबी तसंच राहू दिल्तं."

अण्णासाहेबांनी मान हलवली. सर बेबीनंदाकडं बघून म्हणाले, "तिकडं दुसऱ्याच्या दुःखात शिरायचं न्हाई, हीच माया. म्हणून तुला काही झालं, तर तूच सांग. बिलकुल वाट बघू नको. माझ्याजवळ बसा, असं म्हण. मला म्हणता आलं न्हाई."

सप्टेंबरात ते गावी परतले तोवर सात महिने झाले होते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पाहुणेरावळे येऊन, बसून, रडून गेले होते. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. तिकडं कुणी विचारलं नाही, आणि इकडं सगळ्यांचं विचारून झालं होतं.

बेबीनंदा गेली. तीन वर्षांनी सुट्टीवर आली तेव्हा एका दुपारी एकटीच सरांकडं आली. अंगानं बरी भरली होती. बोलताना मध्येच सॉरी म्हणत होती.

"आजी गेली तवा मी विलायतेतच होते, सर," ती म्हणाली. "आधी जीभ रेटंना. मंग वार्डाच्या सिस्टरला तुम्ही सांगितलं तसंच म्हणलं. ती घाबरलीच. पण ड्युटी संपल्यावर कोट घालून बसून राह्यली माझ्याजवळ. आजी कशी होती, विचारत होती."

"चांगलं झालं," सर म्हणाले. "लई चांगलं झालं."

"सर, गोजरबाई कशा होत्या?"

सरांना आधी प्रश्नच कळला नाही. आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुठून सुरू करावं? स्वयंपाक, शेणामातीचं काम, सगळ्या बायकांसारखंच तर होतं.

"पोहायची," ते शेवटी म्हणाले. "नव्यानं लग्न झाल्तं. विहिरीवर गेलो, तर हिनं लुगड्याचा काष्टा मारला आन् काठावरून धाडकन उडी टाकली. मला पोहता येत न्हाई. मी वर नुसता ओरडून राह्यलो होतो. ती पाण्यात हसत होती."

बेबीनंदा हसली. "आणखी सांगा ना, सर."

पण धावड्याची मोटार सुटायची वेळ झाली होती. सर तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यांना आणखी दोन-तीन गोष्टी आठवल्या, पण मोटार उभीच होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बेबीनंदा चढली. मोटार वळणाआड गेली, धुरळा बसला, तरी सर तिथंच उभे राहिले. एका ओळखीच्या माणसानं विचारलं, "सर, कुठं निघाले?"

"कुठं न्हाई," सर म्हणाले, आणि घराकडं वळले.