आईच्या पायाच्या मुंग्या

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. बाबा शेतमजुरांच्या संघटनेत होते. आटगाव स्टेशनला उतरून घरी येताना त्यांच्या पिशवीत भाजी नसली तरी पत्रकांचा गठ्ठा असायचा. मी अक्षरं जुळवायला त्यांवरच शिकले. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असतं, ते ठळक टाइपात छापता येतं आणि त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

दोन हजार सालानंतर आईला छातीचा कॅन्सर झाला तेव्हा मी कॉलेजात होते. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. थोड्याच दिवसांत तिच्या पायांच्या आणि हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग एका दुपारी ती हातपंपावरून एकाच चपलेवर घरी आली.

"दुसरी कुठंय?" मी विचारलं.

तिनं खाली बघितलं. "अगो बया, कवा गेली?"

तिला कळलंच नव्हतं. मी घाबरले. चप्पल वाटेत सापडली. रात्री जेवताना आई म्हणाली, "पायाला चिखल कळला नाय तर भाताच्या आवणीला उतरू कशी गो? रोप चिमटीत धरलंय का सुटलंय, ते तरी कळाया नको?" कॅन्सरबद्दल ती इतकं कधी बोलली नव्हती.

मुंबईच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "केमोच्या औषधानं नसांना इजा होते. तोल सांभाळायचे व्यायाम केमो चालू असतानाच केले, तर नसा कदाचित वाचतील."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे खात्री नाही. पण करावेत असं मला वाटतं. ताप असेल त्या दिवशी नको. आणि पडायचं नाही, जवळ कोणीतरी हवं."

मला राग आला. 'कदाचित' असा शब्द असलेलं पत्रक मी जन्मात वाचलं नव्हतं.

घरी आम्ही गोधडीची जाड घडी करून ओटीवर खांबाशी टाकली. त्या मऊ घडीवर आईनं एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. चवड्यांवर उठायचं. टाचेला अंगठा लावत सरळ चालायचं. शेवटी दोन्ही पाय टेकून, डोळे मिटून तोल धरायचा. मी शेजारी हात पसरून उभी.

बाबांना ते बघवेना. "जन्मभर राबली ती. आता तरी पडू दे तिला." बाईमाणसाच्या विसाव्यावरचं पत्रक त्यांनीच लिहिलं होतं, ते मला तोंडपाठ होतं आणि पटलेलंही होतं. मग मी आईला का उभी करत होते? तरी हात पसरून मी तिच्या शेजारी उभीच राहिले.

शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "काय गो वयनी, शाळंत नाव घातलंस का? कवायत चाललीय!"

"हां, पयलीत!" आई एका पायावर डुलत म्हणाली. "तू पण ये. ढ पोरींना मागं बसवतात."

पुढच्या केमोच्या आधी आई सकाळीच म्हणाली, "मुंग्या बंद झाल्या गो!" काय आनंद झाला आम्हाला! बाबा स्वतःहून गोधडीची घडी घालायला आले. इस्पितळात मी ही बातमी मोठ्यानं सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले, तिच्या अंगठ्यावरून कापूस फिरवला. "कळलं की सांगा."

आई वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लावा ना बाई."

कापूस कधीच फिरवून झाला होता.

"मग मुंग्या आलेल्या चांगल्या की गेलेल्या?" मी जवळजवळ भांडलेच.

"नुसत्या मुंग्यांवरून नाही सांगता येत. व्यायाम चालू ठेवा."

डॉक्टरांनी केमोचं औषधही थोडं कमी केलं. म्हणजे आता काही सुधारलंच, तर कशामुळे, हेही कळणार नव्हतं. घरी येऊन मी केमोतल्या व्यायामावर पत्रक लिहायला बसले. 'आजारी बायांनो, उठा!' असं लिहिलं आणि खोडलं. 'विसावा घ्या!' लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही खोटं वाटत होतं, आणि दोन्ही थोडं खरंही.

केमो संपत आली होती. एका सकाळी आई गोधडीवर डोळे मिटून उभी होती. मळमळ होऊ नये म्हणून तोंडात धरायची आल्या-गुळाची वडी मघाशी तिथंच पडून फुटली होती, ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मुंग्या आल्या गो," आई म्हणाली.

परत? का आता याला चांगलं म्हणायचं? "कुठल्या पायाला?"

"डाव्या."

मी खाली बघितलं. काळ्या मुंग्यांची रांग तिच्या पावलावरून चालली होती. खऱ्या मुंग्या! मी ओरडणारच होते. तेवढ्यात दिसलं, रांग डाव्या पावलावरून उतरून उजव्यावर चढली होती. तिथं तर जास्तच होत्या.

"आणि उजव्याला?"

"उजव्याला काय नाय."

हसू की रडू, मला कळेना. मी तिला डोळे उघडायला सांगितलं. तिनं दोन्ही पावलं नीट बघितली. बाबा झाडू घेऊन धावले, तर तिनं हातानंच अडवलं.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती म्हणाली आणि खांब धरून तिनं पुन्हा डोळे मिटले. "त्या पायाला पण कळतंय का बघते."