साउंड बाकी आहे

डायरेक्टरला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं. जेवलास का? "साउंड बाकी आहे." लग्न कधी करतोस? "पिक्चर तयार आहे, साउंड बाकी आहे." नारपोलीच्या त्याच्या गल्लीत लोक त्याला अर्धवट समजत, आणि मी काही फार वेगळं समजत होतो असं नाही. पण या माणसाचा खरोखरच एक पिक्चर तयार होता आणि त्याचा साउंड खरोखरच बाकी होता, हे मला उशिरा कळलं.

आमची ओळख हळदीतली. कोन गावात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा, तो व्हिडिओ शूटिंगवाला. आमच्या आगऱ्यांच्या हळदीत नाचणाऱ्यांची अशी दाटी होते की कॅमेरेवाल्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. हा सरळ माझ्या स्पीकरच्या खोक्यावर चढला. मी त्याला खाली ओढून एक सणसणीत शिवी हासडली. तो शांतपणे म्हणाला, "भाई, जरा परत दे ना. रेकॉर्ड झाली नाही." अशा माणसाशी भांडणार कसं? त्यानंतर प्रत्येक हळदीत एक मजबूत खोका मी त्याच्यासाठी वेगळा ठेवू लागलो.

त्याचे वडील इथलेच कोकणी मुसलमान, कापडाच्या लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, लवकर गेले. आई मुरुडकडची, सिद्दी. गडद काळा रंग, बारीक कुरळे केस, आणि हसली की सगळं घर हसल्यासारखं वाटायचं. मुलाने रंगरूप सगळं आईचं उचललं होतं. गल्ली तिला हबशीण म्हणायची आणि त्याला हबशी. रागानं नाही, सवयीनं. राग कधीतरी ओसरतो, सवयीचं तसं नसतं. आई लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. त्या खटखटाटात उभा जन्म काढल्यावर तिचे कान गेले. "बरं झालं," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायची, "आता गल्लीचं काय बी ऐकू येत नाय." डायरेक्टरला मात्र सगळं ऐकू यायचं. त्याचा पिक्चर एवढाच होता. आई घरून कारखान्यात चालत जाते आणि वाटेत तिला जे ऐकू येत नाही, ते आपल्याला ऐकू येतं.

शूटिंग त्यानं लग्नाच्याच कॅमेऱ्यावर केलं. एडिटिंग कॉम्प्युटरवर, म्हणजे लोडशेडिंगच्या मर्जीवर. तेही एकदाचं झालं. पण टेप लावली की ऐकू यायचा फक्त लूमचा खटखटाट. माणसांचे शब्द त्याखाली गाडले गेले होते. मुंबईचा एक फेस्टिव्हल फिल्म घ्यायला तयार होता, पण पुरी झाली तरच. आवाज स्टुडिओत नव्यानं भरायचे म्हणजे पैसा हवा, आणि ओरडणारी माणसं हवीत. डायरेक्टर माइक घेऊन गल्लीत फिरला. येताजाता हाका मारणारे सगळे एकदम सज्जन झाले. "आम्ही? आम्ही कधी म्हणालो? तुझी अम्मी म्हणजे आमची अम्मी." एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना. "उमरभर फुकटात ऐकवलं," तो म्हणाला, "आता मागायला गेलो तर एक देत नाही."

पैशासाठी मी त्याला माझ्या चुलत्याकडे, दामाकाकांकडे नेलं. काकांनी जमीन गोडाऊनवाल्यांना दिली होती, हात सढळ होता. आता फिल्मचा विषय सांगायचा कसा, यावर डायरेक्टरनं फार डोकं चालवलं होतं. 'वंश' म्हटलं की लोक विचारतात, मुलगा झाला का. 'रंग' म्हटलं की विचारतात, होळीची आहे का. शेवटी फेस्टिव्हलवाल्यांचा शब्द त्याला आवडला होता. तोच त्यानं काकांना सांगितला.

"फिल्म रेसवर आहे, काका."

काका खाटेवरून उठूनच बसले. "रेसवर? सर्यतीवर? आरं, मंग आधी बोलायचं न्हाय का?"

"म्हणजे काका, रेस म्हणजे..."

"आरं, रेस मला शिकवतोस? चल, दाखवतो."

काका बैलगाड्यांच्या शर्यतींचे वेडे. त्यांनी आम्हाला थेट गोठ्यात नेलं. तिथे काळाकुळकुळीत, तुकतुकीत, ताठ मानेचा बैल उभा होता. काकांनी त्याच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यो आपला हबशी. अंबाडीपातुर इचार, ह्याच्यावाणी दुसरा न्हाय."

मी खाली बघितलं. डायरेक्टर बैलाकडे बघत राहिला, आणि बैल त्याच्याकडे. काकांच्या मनात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. माणूस वाईट असता तर तोंडावर बोलून मोकळं होता आलं असतं. त्यांनी लागतील तेवढे पैसे तिथल्या तिथे दिले, चहा पाजला आणि बजावलं, "आपला बैल दिसला पायजे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता खरं काय ते सांग त्यांना."

"तू सांग. तुझा काका आहे."

आमचं हे तू-तू मी-मी चालू असतानाच त्यानं पैसे स्टुडिओत भरून टाकले. पुढे माझ्यानंच राहवेना. मी काकांना चाचरत म्हटलं, समजा पैसे परत केले तर? काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बैलाच्या नावानं दिल्यात. परत घेतलं तर त्याला अपशकुन होईल." झालं. तोही दरवाजा बंद. रोज काकांचा फोन यायचा, बैलाचं शूटिंग कधी? बाजारात, लग्नात, रिक्षात, जो भेटेल त्याला काका सांगत सुटले की हबशीवर पिक्चर येतोय. डायरेक्टर गल्लीत हबशी होताच, आता आमच्या गावातही त्याच्या पिक्चरला तेच नाव पडलं. "भाई," तो एकदा म्हणाला, "मी निघालो होतो या नावातून सुटायला. नाव मला घेऊन तुझ्या गोठ्यात बांधून आलं."

शेवटी शर्यतीच्या दिवशी तो कॅमेरा घेऊन आला. भात कापून मोकळी झालेली शेतं, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि माइक अर्थातच माझा. काकांची गाडी सुटली तसा समालोचक ओरडला, "हबशी आला! आला रे आला, हबशी आला!" आणि सगळं रान त्या नावानं गर्जायला लागलं. मी डायरेक्टरला शोधलं. त्याचा कॅमेरा खाली जमिनीकडे होता. डोळे मिटून, हेडफोन कानावर दाबून तो नुसता उभा होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. बैल पहिला आला. तो मात्र त्याच्या कॅमेऱ्यात आलाच नाही.

फिल्म पुरी झाल्यावर काकांनी हट्टानं पहिला खेळ कोनला लावला. मंडप माझा, पडदा माझा, पळायचं कुठे? अख्खा गाव लोटला. काकूंनी डायरेक्टरच्या आईला पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. पडद्यावर आई घराबाहेर पडली. लूमचा खटखटाट वाढत गेला आणि एकदम थांबला. काही क्षण काहीच ऐकू येईना. मागून कोणीतरी ओरडलं, "साउंड गेला!" आणि मग तो आला. शर्यतीची ती गर्दी, तो समालोचक, हजार घशांचं ते नाव. पडद्यावर मात्र एक काळी बाई डोक्यावरचा पदर सावरत गल्लीतून चालली होती.

गावानं आधी शिट्ट्या मारल्या. आवाज ओळखीचा होता, आमचाच होता. लोक बैल कधी येतो म्हणून माना उंचावून बघत राहिले. बैल आला नाही. बाई चालत राहिली. हळूहळू शिट्ट्या आपोआप थांबल्या, आणि मंडपात आमचाच आवाज आम्हाला ऐकू येत राहिला. तो बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं, पण माझा हात उचलला गेला नाही.

खेळ संपला. काका उठले. डायरेक्टर खांबाला धरून उभा होता. काका त्याच्याकडे न बघता त्याच्या आईसमोर जाऊन उभे राहिले. तिला वाटलं, शेटनं पैसा घातलाय, चौकशी करायला आलेत. तिनं हसून, तिच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "आवाज बराबर आला का?"

तिला ऐकू येणार नाही, हे काकांना माहीत होतं. त्यांनी हात जोडले, आणि नुसती मान डोलावली.

फिल्म मुंबईला दाखवली गेली, तिथे आवाजाचं कौतुक झालं म्हणतात. इकडे मात्र तो 'रेसवाला' झाला. लग्नांची कामं सुटली, शर्यतींच्या शूटिंगच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. दुसरी फिल्म त्याच्या डोक्यात होती, पण त्याला कोणी दुसरं काही करूच देईना. एक दिवस आईला घेऊन तो मुरुडकडे निघून गेला. एसटीत बसवायला मी गेलो होतो. परत कधी येशील, म्हणून विचारलं. मला ते नेहमीचं उत्तर हवं होतं. तो म्हणाला, "बघू."

काकांनी त्याच वर्षी बैलाचं नाव बदलून राजा ठेवलं. समालोचकालाही सांगून ठेवलं. तो बिचारा माइकवरून "राजा आला, राजा आला" ओरडतो. गर्दी मात्र जुनंच नाव घेते. समालोचकाचा आवाज मी वाढवतो, आणखी वाढवतो, स्पीकर फाटायला येतात. गर्दीचा आवाज कमी करायचं बटण माझ्याकडे नाही.