टॉवेल कंपनीची श्रद्धांजली

"तुमचे मालक हात जोडून नेमका कोणाला नमस्कार करताहेत?" रूथबाईंनी फोनवर विचारलं. त्या आमच्या युरोपातल्या बायर. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे टॉवेल त्या घेतात. क्वालिटी मी बघते, त्यामुळे तक्रारीचा पहिला फोन मला येतो. ही तक्रार टॉवेलची नव्हती.

मी कंपनीचं पेज उघडलं. जयंती असो, पुण्यतिथी असो, सण असो, आमची पोस्ट पडते आणि कोपऱ्यात मालक हात जोडून उभे असतात. या वेळी होलोकॉस्टच्या स्मृतिदिनाची भर पडली होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी साठ लाख ज्यूंना ठार मारलं, त्यांची आठवण. छावणीच्या काटेरी तारेमागे कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली गोंडस मुलं, गालांवर चकाकते अश्रू. खाली आमचा लोगो. कोपऱ्यात मालक, म्हणजे अण्णा.

चित्र एआयचं होतं. पट्ट्यांचं कापड कापून शिवलं की शिवणीपाशी पट्टा तुटतो. इथे खांद्यापासून मनगटापर्यंत पट्टे पाण्यासारखे वाहत होते.

कमेंटवाल्यांनाही चित्र खोटं असल्याचं कळलं होतं. 'चित्र खोटं, म्हणजे छावण्याही खोट्या.' 'ज्यूंनी रडून रडून जगाला लुटलं.' आणि प्रत्येकाला कंपनीच्या नावाने उत्तर गेलं होतं: 'आपल्या मौल्यवान मताबद्दल आभार! इतिहासाला अनेक बाजू असतात. आमचे नवे टॉवेल पाहिलेत का?'

मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. पेज सांभाळणारे त्यांचे जावई तिथेच चहा पीत बसले होते.

"ही उत्तरं कोण देतंय?"

"ऑटो-रिप्लाय, मॅडम," जावई म्हणाले. "एआय आहे. कस्टमरला कधी दुखवायचं नाही, असं सेट केलंय."

"रूथबाईंची आजी अशाच एका छावणीत मारली गेली. त्या कस्टमर नाहीत का?"

"मग चांगलंच की," अण्णा म्हणाले. "आपण श्रद्धांजलीच वाहिलीय. त्यात लई काय बिघडलं?"

"तुमच्या वडिलांचा म्हणून मी दुसऱ्याच म्हाताऱ्याचा फोटो या भिंतीवर लावला तर? खाली कुणी लिहिलं, हा माणूस जन्मलाच नव्हता, आणि मी त्याचे आभार मानले तर?"

अण्णांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मग जावयांकडे.

"डिलीट करतो की. विषय संपला," जावई म्हणाले.

मी रूथबाईंना फोन लावला. त्यांना गुपचूप डिलीट नको होतं. चित्र खोटं होतं आणि घटना खरी आहे, हे कंपनीच्या नावाने लिहा, म्हणाल्या. "आजीचा एकही फोटो उरलेला नाही. म्हणून खोटा लावायचा नसतो."

आमच्या धंद्यात लॉटमधले काही नग काढून तपासतात. ठरल्यापेक्षा जास्त खराब निघाले, तर सगळा लॉट परत जातो. कमेंटवाल्यांना वाटत होतं, आपण हेच करतोय. पण तपासलेला नग त्याच लॉटमधला असावा लागतो. हा नग, म्हणजे आमचं चित्र, परवा मशीनने बनवून आत कोंबलेला होता. खऱ्या लॉटमध्ये नाझींची स्वतःची कागदपत्रं आहेत, वाचलेल्यांच्या साक्षी आहेत. ते उघडून बघायची तसदी त्या तज्ज्ञांपैकी एकानेही घेतल्याचं दिसलं नाही.

जावई म्हणाले, "माफीनामा एआयकडून छान लिहून घेऊ?"

"तुम्ही आता फक्त चहा प्या," अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतः टाईप केलं: 'चित्र खोटं होतं. घटना खरी आहे. चूक आमची.'

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं कापून घेतलं, शेजारी हात जोडलेले अण्णा चिकटवले आणि वर लिहिलं, 'भारतीय कंपनीची कबुली.' आमच्या माफीनाम्यापेक्षा ते कितीतरी जास्त फिरलं. अजून फिरतंय. खराब लॉट बंदरावरून परत बोलावता येतो, अण्णांना बोलावता येत नाही.

रूथबाईंनी चालू ऑर्डर उचलली. पुढची दिली नाही.

आता पोस्टसुद्धा माझ्या सहीशिवाय जात नाही. बहुतेक दिवशी काही जातच नाही. पोस्ट न गेल्यामुळे मात्र एकही टॉवेल कमी खपलेला नाही.