सिनेमातला पाहुणा

जव्हारच्या आमच्या भागातल्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर सिनेमा दाखवायचा आणि त्यावर चर्चा करायची, ही कल्पना तिथल्या पाळकांची. मी हिंदू, शाळेत मास्तर. प्रोजेक्टर माझा, म्हणून मला बोलावलं, आणि बोलायची सवय आहे म्हणून चर्चाही माझ्याच गळ्यात मारली. श्रद्धा म्हणजे काय, यावर मी चांगले दहा प्रश्न लिहून नेले होते.

सिनेमात एक थकलेला वाटसरू एका बाईच्या दारात येतो. ती त्याला आपल्या श्रद्धेविषयी भरभरून सांगते. तो ऐकून घेतो आणि निघून जातो. मग तिला कळतं की आला होता तो देवच.

सिनेमा संपला. मी पहिला प्रश्न विचारला, सगळे गप्प. दुसरा विचारला, तरी गप्प. माझं डोकं फिरलं.

"अहो, सिनेमा बघितलात ना? मग बोला की काहीतरी!"

मागे दाभोशाहून जीपने आलेली एक म्हातारी बसली होती. ती उठून म्हणाली, "गुरुजी, तो एवढा चालून आला. त्याला पानी कोनी नाय इचारला."

"आजी, त्या बाईचं सगळं लक्ष देवाकडे होतं," मी म्हणालो.

"असंल," म्हणून ती खाली बसली.

सकाळी ती आली तेव्हा दारात मीच उभा होतो. चपला बाहेर काढा, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिथेच माठ भरलेला होता आणि त्याच्यावरचा पेला अजून पालथाच होता.