०८० ब्लॉक

आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरचा फोन नंबर आमच्याबरोबरच वाढला. आधी सहा आकडी होता, मग सात, मग पुढे एक दोन चिकटून आठ आकडी झाला. बाहेरगावाहून लावायचा तर आधी ०८०, देशाबाहेरून +९१ आणि पुढे शून्य गाळून नुसते ८०. आम्हा भावंडांना तो इतका तोंडपाठ, की अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, मोबाइलमध्ये कधी सेव्हच केला नाही. "स्वतःच्या घरचा नंबर कोणी सेव्ह करतं का?" म्हणायचा.

आईने मोबाइल घेतलाच नाही. लँडलाइनवरून अण्णाच्या मोबाइलला लावताना ती आधी एक शून्य दाबायची, आणि मला दुबईला लावताना दोन शून्यं, मग ९७१.

गेल्या वर्षी एका सकाळी ती न्हाणीघरात पडली आणि उजवं मनगट मोडलं. अण्णा महादेवपुऱ्यात, म्हणजे त्याच शहरात. तिने डाव्या हाताने त्याला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. दुपारपर्यंत हेच चाललं. मुलगा गावात असताना शेजाऱ्यांना हाक मारायची नाही, हा तिचा खाक्या. शेवटी तिने मला फोन केला. "स्वल्प पडले ग. अण्णा बिझी आहे. त्याला सांग."

मी ऑफिसच्या फोनवरून अण्णाला लावला. परदेशातला अनोळखी नंबर, क्लायंट असेल, म्हणून साहेबांनी पहिल्याच रिंगला उचलला!

दुसऱ्या दिवशी मी बंगळुरात पोचले. आईचा हात प्लॅस्टरमध्ये होता. अण्णा शपथेवर सांगत होता की काल सकाळी तो कुणाशीच बोलत नव्हता. मी लँडलाइनवरून त्याचा नंबर लावला. माझ्या कानात एंगेज, आणि समोर टेबलावर त्याचा मोबाइल ढिम्म. आई बघत होती.

"अगं, कर्ज घ्या, प्लॉट घ्या, सगळे ०८० वरूनच पिडतात," तो म्हणाला. "म्हणून ०८० ने सुरू होणारे सगळेच ब्लॉक केले."

"अख्खं गाव ब्लॉक केलंस? तुझी आई राहते त्या गावात!"

"मला वाटलं, हल्ली आईच फोन करत नाही."

असं वाटलं आणि हा गप्प बसला! आई मात्र इतके महिने सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, आमचा अण्णा फार कामात असतो. अण्णाच्या त्या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

अण्णाने तिथल्या तिथे ब्लॉक काढला, नंबर सेव्ह केला. मी लावून पाहिला, वाजला. "सरी," आई कानडीत म्हणाली, म्हणजे ठीक आहे.

परवा भर मीटिंगमध्ये तिचा दुबईला फोन. गॅस संपलाय, अण्णाला सांग.

"अगं आई, आता त्याचा लागतो. तूच लाव ना."

"असू दे ग," ती म्हणाली. "तुझा लागतो."