तापानं गेल्याची नोंद

दादा तलावात बुडून गेला, आणि ग्रामपंचायतीत मी लिहून दिलं की तापानं गेला.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मी धानोऱ्याला शिक्षक होतो, दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो. आमचं ढिवराचं, पिढीजात मासेमारांचं घर. गावतलावात मासे आणि शिंगाडा. त्या सकाळी दादा जाळं काढायला उतरला आणि शिंगाड्याच्या वेलीत पाय गुंतून खालीच राहिला. लोकांनी त्याला काढून ओसरीवर निजवलं. ठाण्यात कळवलं असतं तर पंचनामा, मग ट्रॅक्टरवर घालून तालुक्याचा दवाखाना, तिथं शवविच्छेदन. आदल्या वर्षी शेजारचा एक जण असाच बुडाला होता. पोत्यासारखा शिवून परत आला. वहिनी माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, "भाऊजी, यायले चिरू नोका देऊ."

गावात कुणी हरकत घेतली नाही. पोलीस पाटीलही मान खाली घालून परत गेला. दुपारी नदीवर अग्नी दिला. घरात लिहिता येणारा मी एकटा. कागद माझ्याच अक्षरात गेला.

तेराव्यानंतर मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की सभासदांचा अपघात विमा आहे. बुडून मेल्यास मिळतो. तापानं मेल्यास नाही. वहिनीच्या पदरात दोन मुली होत्या.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच थांबायचो. दर शनिवारी शाळा सुटली की बस, गाव, सोसायटी, रविवारी परत. अर्ज चारदा लिहून फाडला. शेवटी दादा बुडून गेला, एवढं खरं लिहिलं आणि गावातल्या पाच जणांचे जबाब जोडले.

विम्याचा चौकशी अधिकारी चंद्रपूरहून आला. सोसायटीत सतरंजी अंथरली होती. ती नोंद ग्रामसेवकाच्या चुकीनं झाली असं सांगायचं, हे अध्यक्षांनी मला आधीच पढवलं होतं. "त्याची तं बदली झाली, मास्तर. तो काई भांडाले येत नाई," वर हेही म्हणाले.

अधिकाऱ्यानं नोंदीसोबतचा कागद काढला.

"हे अक्षर कुणाचं?"

अध्यक्ष खोकले. मी म्हणालो, "माझं."

"बुडाले होते, तर ताप का लिहिलंत?"

माझ्याआधी दाराशी बसलेली वहिनी बोलली, "भाऊजीले मीच म्हनलं, साहेब. मानूस तं गेलाच होता. त्याले कापाले कायले द्याचं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना पटलं असावं, चहाही घेतला. पण शवविच्छेदन अहवालाचा रकाना कोराच राहिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी पत्र आलं. दावा नामंजूर. वहिनीनं ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आपुन सांगतलं ते लिवलं का त्यानं?" लिहिलं होतं. कुटुंबानं शवविच्छेदन होऊ दिलं नाही, असं स्पष्ट वाक्य होतं.

"मंग झालं," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

माझं झालं नव्हतं. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात अपिलाची मुदत छापलेली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी चंद्रपूरची पहिली बस धरली. नवा पुरावा माझ्याकडे एकही नव्हता. वहिनीला सांगितलं, शाळेच्या कामानं जातो.