वेळेवर आलेलं विमान

विमानतळाच्या फलकावर भाचीच्या विमानापुढे 'ऑन टाइम' अशी हिरवी अक्षरं होती. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी आणि 'इन टाइम' म्हणजे उशीर होण्याआधी, हे मी शाळेत जन्मभर शिकवलं. मुलांना फरक कळत नसे आणि मी चिडायचो. माझी उदाहरणं शाळेच्या घंटेची असायची; त्यात कोणी मरत नसे.

माझी ताई, म्हणजे भाचीची आई, काल पहाटेच गेली. पण असं फोनवर कोणी सांगत नाही, म्हणून मी म्हटलं होतं, "आई सीरियस आहे, लगेच निघ."

भाची धावतच बाहेर आली.

"मामा, एक मिनिटही उशीर झाला नाही बघ. आई बोलतेय ना?"

मी तिची बॅग घेतली आणि गाडी कुठे लावलीय ते सांगू लागलो.